ढकललेल्या चाकांचा माग

आमच्या डोंगरात एक नियम आहे आणि तो मीच घालून दिलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाकडे बोट दाखवायची सोय माझ्याकडे उरणार नाही.

नियम असा: सायकलवाटेवर ज्याने उडी, म्हणजे सायकल हवेत नेणारा मातीचा चढ, बांधली, त्यानेच ती पहिल्यांदा मारायची. त्याची सही लागत नाही की साक्षीदार लागत नाही. माती चोपून झाली, की संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि सायकलवर बसून वरून खाली यायचं. सकाळी बाकीचे येतात आणि माग बघतात. उडीच्या टोकापर्यंत टायरची नक्षी गेलेली असली, पलीकडच्या उतरणीवर ती पुन्हा सुरू झालेली असली, की वाट खुली. चौदा वर्षं हा नियम चालू आहे. नव्याने आलेल्यांना मी तो छाती पुढे काढून समजावत असे. लोक मला उस्ताद म्हणतात, आणि मी कधी कुणाला थांबवलेलं नाही.

आमची वाट बावीस किलोमीटरची. डोंगराच्या धारेवरून सुरू होते, गवतातून, मग झाडीतून वळणं घेत नदीच्या खोऱ्यात उतरते, थोडा वेळ पाण्याच्या काठाने गोट्यांतून जाते आणि समोरच्या टेकडीवर चढते. पावसाळ्यात निम्मी वाहून जाते. मग आम्ही फावडी, कुदळी आणि माती चोपायचे धुमुस घेऊन दोन महिने ती परत बांधतो. हे काम मला येतं. मातीचा गोळा हातात दाबून ती उद्या धरेल की सुटेल, हे मी सांगू शकतो. एवढं सोडलं तर माझ्याबद्दल बढाई मारण्यासारखं आता काही शिल्लक नाही.

दोन वर्षांपूर्वी मी पडलो. उडीवर पडलो असतो तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. पण मी पडलो सरळ वाटेवर, झाडाच्या एका मुळाशी, शेजारच्या माणसाशी गप्पा मारताना. मनगटात धातूची पट्टी घातली, चार महिन्यांत हात बरा झाला. डॉक्टर म्हणाले, खुशाल चालवा. मी चालवायला लागलो आणि मला कळलं, की पुढचं चाक जमिनीवरून सुटलं की माझी बोटं आपोआप ब्रेकवर आवळतात आणि डोळे मिटतात. डोळे मिटून डोंगर उतरणारा उस्ताद! हे कुणाला सांगायचं?

कुणालाच सांगितलं नाही. घोळक्यात मी सगळ्यांत मागे राहू लागलो. "कुणी मागे राहायला नको, म्हणून मी शेवटी येतो," असं म्हणायचो. लोकांना त्यात माझा मोठेपणा दिसायचा. मीही तो दिसू द्यायचो.

राहता राहिला माग. त्याची युक्ती मी गेल्या वर्षी काढली. सायकल शेजारी धरायची, एक हात हँडलवर, दुसरा सीटवर. सीटवर सगळा भार टाकायचा, म्हणजे टायर खोल रुततं. असं चालत उडीच्या टोकापर्यंत न्यायची, मग उचलून पलीकडे नेऊन उतरणीवर पुन्हा टेकवायची. शेवटी झुडपाची एक फांदी मोडून आपली पावलं पुसून टाकायची. पाच मिनिटांचं काम. लहान पोराला सायकल शिकवताना सीट धरून पळतात ना, अगदी तसंच, फक्त सीटवर पोर नाही. अशा तीन उड्या मी मागच्या हंगामात खुल्या केल्या. तिन्ही नीट निघाल्या. त्यामुळे मला असं वाटायला लागलं, की माझी नजर इतकी तयार आहे की मला उडी मारायची गरजच नाही. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की किती हुशार होतो!

चौथी उडी या वर्षीची. झाडी संपते तिथे, नदीच्या जरा वर, एक घळ आहे. तिच्यावर जुनी उडी होती, ती वाहून गेली. मी ती नव्याने बांधली, त्याच मापाची. वरचं वळण मात्र थोडं सरळ केलं, कारण तिथे पाणी तुंबायचं. पाण्याचा निचरा छान झाला. वळण सरळ झालं म्हणजे सायकल पहिल्यापेक्षा जोरात येणार आणि उतरण तेवढीच ठेवली तर ती अपुरी पडणार, हे मला सुचलं नाही. सायकलवर बसून एकदा आलो असतो तर न सुचताही कळलं असतं. ढकलत नेलेल्या सायकलला वेग कुठून असणार?

शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी ती ढकलत नेली. फांदी मोडायला वळलो तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. म्हटलं, चला, पुसायचं काम पाऊसच करेल. सामान उचललं आणि निघालो. मी खाली आमच्या हत्यारांच्या शेडपर्यंत पोचलो तेव्हा भुरभुर थांबलीही होती. परत वर जायला वीस मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. कंटाळा केला, असं स्पष्टच लिहितो.

रविवारी वाट खुली व्हायची होती, आणि सगळ्यांत पुढे उतरणार होती माझी बहीण.

ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी ती एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही. तिला सायकल मी शिकवली. अंगणात, मग रस्त्यावर, सीट धरून मागे पळत. पुढे ती माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागली, हे मला तिच्या आधी कळलं आणि मी त्यावर खूशही होतो. सहा वर्षं ती घोळक्यात दुसऱ्या नंबरची गाइड होती. पुढे दुसराच कुणीतरी असायचा आणि ही मागून लोकांच्या निसटलेल्या साखळ्या बसवत यायची. या हंगामात मास्तरांनी पहिल्यांदा तिला प्रमुख गाइड करायचं ठरवलं होतं. मास्तर म्हणजे आमच्या मंडळाचे प्रमुख, पूर्वी शाळेत खेळ शिकवायचे, अजून गळ्यात शिट्टी असते. ते म्हणाले होते, "रविवारी तू पुढे हो. नीट खाली आणलंस सगळ्यांना, की हंगाम तुझा." आठवडाभर ती हवेत होती. दोनदा फोन करून मला म्हणाली, "दादा, खाली नदीवर तूच उभा राहा हं. मला पहिल्यांदा तूच दिसला पाहिजेस."

मी नदीवर उभा होतो. हातात चहाचा थर्मास. ती सगळ्यांच्या दहा मिनिटं आधी येणार होती, पुढचा माणूस तसाच येतो, वाट आणि माग तपासत. मी घड्याळ पाहत होतो. तिला अपेक्षेपेक्षा उशीर झाला. मग झाडीतून साखळीचा आवाज आला, आणि ती घळीवर दिसली. उंच. फारच उंच. उतरण तिच्या खालून निघून गेली आणि ती तिच्या पलीकडे, सपाट गोट्यांवर आपटली.

मी धावलो. धावताना माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचा नव्हता. वर उडीवर माझी पावलं असतील, हा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरांनाही नाही.

ती कुशीवर पडली होती, शुद्धीवर होती, ओठ पांढरे पडलेले. मी वाकलो तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं. मला वाटलं, कळ आली असेल. मग म्हणाली, "दादा, बाकीच्यांना वरच थांबव." एवढ्यातही तिला मागच्यांची काळजी. मी शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या. सगळे घळीच्या वरच थांबले.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. तीन महिने, डॉक्टर म्हणाले.

मंगळवारी शेडमध्ये बैठक झाली. मधल्या टेबलावरची हत्यारं बाजूला सारून आमच्या नकाशेवाल्याने लॅपटॉप ठेवला. हा आमचे नकाशे काढतो आणि काही झालं की फोटोही काढतो. त्याने उडीचे फोटो लावले. उडीवर दोनच माग होते, माझा आणि तिचा. बाजूची माती स्वच्छ, विंचरल्यासारखी. पावलाचा ठसा नाही. उतरणीवर पावलं होती, पण ती रविवारी तिला उचलायला धावलेल्यांची, असं सगळ्यांनी धरलं. मी मनातल्या मनात त्या चार मिनिटांच्या पावसाचे आभार मानले. केवढा गुणी पाऊस!

"उस्तादचा माग बरोबर मधोमध आहे," मास्तर म्हणाले. "उतरणीवरही आहे. म्हणजे उडी ठीक आहे. मग झालं काय?"

भिंगरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. ती काही बोलली नाही.

"अगं, तुला विचारतोय," मास्तर म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती, हे मला गालावर जाणवत होतं. मी स्क्रूच्या डब्यात बघत होतो. त्यात लहान-मोठे स्क्रू एकत्र झाले होते, आणि ते वेगळे करायला हवेत असा विचार मी अगदी मन लावून करत होतो.

"मी वळणात पेडल मारले," शेवटी ती म्हणाली. "तीन-चार. उगाच. पहिलाच दिवस होता, जरा दाखवावं म्हटलं."

मास्तरांनी शिट्टी हातात घेतली, सोडली.

"खरं बोललीस, हे चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण जो दाखवायला जातो, त्याच्या मागे मी वीस माणसं सोडू शकत नाही. हात बरा होऊ दे. मग परत मागची जागा तुझीच. पुढचं पुढे बघू."

"बरं," ती म्हणाली.

आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, खरंच मारले असतील पेडल. पोरगी पहिल्यापासून अवखळ. मी तिला घरी सोडलं, गाडीतून उतरताना दार उघडून धरलं, आणि वर शहाण्यासारखं म्हणालो, "होतं असं कधीकधी." ती म्हणाली, "हो." घरात आईने तिला जे झापायला सुरुवात केली, ते मी जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतं. एकतीस वर्षांची घोडी झालीस तरी दाखवायची हौस जात नाही, वगैरे.

बुधवारी मी एकटा उडीवर गेलो. कशाला गेलो, ते सांगता येणार नाही. कदाचित तिच्या पेडलांचे पुरावे बघायला, म्हणजे माझं मन निवांत झालं असतं. ओल्या मातीत जोराने पेडल मारलं की मागचं चाक माती उकरतं, मागे फेकतं. वळणात तिचा माग सापडला. सरळ, शांत, एका सुरातला. कुठे उकरलेलं नाही. उलट एका ठिकाणी तिने हलकासा ब्रेक दाबलेला दिसत होता. खाली जाऊन मी उतरण मोजली. दीड हाताने कमी होती.

उडीच्या बाजूला एक मोडलेली फांदी पडली होती, पानांना चिखल वाळलेला. कुणी बूट पुसले असतील, असं म्हणून मी ती पायाने बाजूला सारली.

तिथेच मी बसलो. माझ्या डोक्यात जे आलं ते असं: आपटल्यामुळे तिला नीट आठवत नसणार. आणि दादाने मारून बघितलेली उडी चुकीची असूच शकत नाही, तेव्हा चुकलो ते आपणच, असं ती धरून चालली असणार. तिने माझ्यावर एवढा भरवसा टाकला होता आणि मी तिथे स्क्रू निवडत बसलो होतो. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी समजलं. त्याच जमिनीवर मी बसलो होतो, स्वतः चोपलेल्या.

गुरुवारी सकाळी मी मास्तरांकडे गेलो. ते शेडच्या दाराशी दोरखंड गुंडाळत होते.

"मास्तर, मी ती उडी मारली नव्हती. सायकल ढकलत नेली होती."

ते गुंडाळत राहिले. "आणि बाकीच्या?"

"मागच्या वर्षीच्या तीन. त्याही."

"का?"

"भीती वाटते."

"मला सांगायचंस."

"लाज वाटत होती."

"आता?"

"आता जास्त वाटते."

त्यांनी दोरखंड खुंटीला लावला. चारही उड्या आजच बंद करतो म्हणाले. नियम बदलेल, बांधणारा आणि दुसरा एक, दोघांनी मिळून बघायचं. मी या हंगामात बांधायचं नाही, फक्त पाणी आणि माती वाहायची. मी हो म्हणालो. मग मी विचारलं, "आणि भिंगरी?"

"तिची जागा तिलाच. पण तिने पेडल मारले असं का सांगितलं, हे मला कळत नाही," मास्तर म्हणाले. "जा, तूच सांग तिला. माझ्या तोंडून कळायला नको."

मी निघालो तेव्हा छाती हलकी झाली होती. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटत होता. अखेर बोललो म्हणून. मंडळात खाली आलो, पण बहिणीला तिचं परत मिळवून दिलं. जिना चढताना मी वाक्यं जुळवत होतो. ती रडेल, मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवीन, इथपर्यंत माझी तयारी झाली होती.

आई आत मशीनवर काहीतरी शिवत होती. भिंगरी खिडकीपाशी बसून एका हाताने सायकलची साखळी पुसत होती, मांडीवर वर्तमानपत्र पसरून. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. भीती, ढकलणं, पाऊस, दीड हात. मास्तरांना सांगून आलो, हेही.

ती साखळी पुसत राहिली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"मास्तरांचा फोन आला?"

"नाही. रविवारीच कळलं. उडीवर तुझी पावलं होती. चाकाच्या शेजारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुझा उजवा पाय बाहेर पडतो दादा. सीट धरून पळायचास ना, थांबले की मी मागे वळून बघायची. धुळीत माझा माग आणि शेजारी तुझी पावलं."

मी माझ्या बुटांकडे बघितलं, मग म्हणालो,

"मग उतरायचंस ना सायकलवरून. चालत यायचं."

"मास्तर मागून येत होते सगळ्यांना घेऊन. मी चालत गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, का? काय सांगायचं? एवढ्या लोकांसमोर?" तिने साखळी उलटी केली. "फांदी मोडली आणि सगळं पुसून काढलं. दहा मिनिटं होती माझ्याकडे. सात त्यातच गेली. नाहीतर खाली जाऊन उतरण बघून आले असते. बघितली असती तर कळलंच असतं. मग मागून आवाज यायला लागले त्यांचे. म्हटलं, दादाने बांधलीय, ब्रेक दाबून जाते."

आत मशीन थांबलं, परत सुरू झालं.

"आणि मंगळवारी?" मी विचारलं. "पेडलचं का सांगितलंस?"

"ते काही ठरवून नव्हते गेले मी." पहिल्यांदा तिने पुसायचं थांबवलं. "मी थांबले होते. मास्तरांनी दोनदा विचारलं, तरी थांबले. म्हटलं, आता बोलेल. आता बोलेल. तू त्या डब्यात बघत होतास."

मी तिच्या डोक्यावर हात वगैरे काही ठेवला नाही. माझे हात मांडीवर होते आणि ते कुठे ठेवावेत, हे मला कळत नव्हतं. छातीत जे हलकं झालं होतं ते सगळं परत आलं, आणि येताना आणखी घेऊन आलं. मास्तरांसमोर मी म्हणालो होतो, आता जास्त लाज वाटते. तेव्हा मला तिचा अर्धाच हिशेब माहीत होता.

"माझा राग आलाय?" मी विचारलं.

"आलाय," ती म्हणाली. "पण तुला भीती वाटते, त्याचा नाही. हे धर जरा."

मी साखळीचं दुसरं टोक धरलं. ती एका हाताने पुसत होती आणि मी ओढून धरत होतो.

आई बाहेर आली. मला बघून तिने चष्मा वर केला. "आलास? सांग जरा तुझ्या बहिणीला चार शब्द. माझं ऐकत नाही. हाड मोडून बसली तरी काल म्हणते, परत जाणार. अगं, तुझा भाऊ बघ, इतकी वर्षं डोंगरात आहे, कधी दाखवायला गेला का?"

भिंगरीने मान खाली घातली आणि पुसलेलीच कडी पुन्हा पुसायला लागली. या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आई, तू जरा बस," मी म्हणालो. "हिने पेडल मारलेच नव्हते."